२५ हजारांत स्विफ्टचं सस्पेन्शन

आमची स्विफ्ट डिझेल, २०१३ची. वैभववाडीला मामाकडे जायचं म्हणजे कोल्हापुरातून कळे, साळवण, गगनबावडा आणि मग करूळ घाट. गेल्या दिवाळीत त्या घाटात वळणावर गाडी बाहेर कलायची आणि सावरायला वेळ घ्यायची. मोरीवरून गेलं की मागचा भाग दोन-तीनदा डुलायचा. आई मागे बसलेली, तिला कमरेचा त्रास. गगनबावड्यात चहाला थांबायचं म्हणून ती दरवेळी उतरते, खरं तर कंबर मोकळी करायला. त्या दिवशी मामाच्या दारात उतरल्यावर गाडीचं दार धरून ती बराच वेळ उभी राहिली. तिथंच ठरवलं, सस्पेन्शनचं काम करायचंच. हाताशी २५ हजार होते.

आधी माझं मन बसलं होतं ते लोअरिंग स्प्रिंगवर. गाडी दोन बोटं खाली आली की वळणात कलणं कमी होतं, हे खरंच आहे. पण स्विफ्टला जमिनीपासून मोकळी जागा १७० मिलिमीटर, तीही गाडी रिकामी असताना. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं घेतलं की काय उरणार? एका दुकानात तर आहे तीच स्प्रिंग कापून देतो म्हणाले, अगदी हजार-दीड हजारात. हे काम कुणी करू नये असं मी कळकळीनं सांगतो. स्प्रिंगचे वेटोळे जितके कमी, तितकी ती कडक होते. निम्मे काढले तर दुप्पट. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग जागा सोडू शकते. घाटात हे झालं तर?

कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोडसंच, त्याची किंमत ऐकूनच तो विषय सोडला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफरही बघितले. त्यानं गाडी उचलल्यासारखी वाटते, पण तेवढा भाग दबायचाच बंद होतो आणि धक्का सरळ आत येतो. आईच्या कमरेला ते चाललं नसतं.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून जोरात दाबलं आणि सोडलं. शॉकअप चांगला असला की गाडी एकदा वर येते आणि जागेवर बसते. आमची तीनदा हलली. मग खाली वाकून त्यांनी डाव्या शॉकअपवर बोट फिरवलं, तर तेलात कालवलेली काळी धूळ बोटाला आली. "स्प्रिंगा चांगल्या आहेत की साहेब, त्यांना कशाला हात लावताय? शॉकअप गेलेत आणि लोअर आर्मचे बुश फाटलेत. आधी गाडी होती तशी करूया, मग बघा अजून काय पाहिजे ते."

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर. हे मला पटलं. स्प्रिंग वजन पेलते, पण तिचं उसळणं थांबवतो तो शॉकअप, आणि आमचं दुखणं उसळण्याचंच होतं. म्हणून सुधारणा करायची ती तिथंच: मूळ मापाचे, पण नायट्रोजन गॅस भरलेले चार शॉकअप. खराब रस्त्यावर सलग चालताना आतल्या तेलाला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. गॅसच्या दाबानं तो फेस आवरतो. घेताना गाडी डिझेल आहे हे आवर्जून सांगितलं, कारण तिचं नाक पेट्रोलपेक्षा जड असतं.

काढलेल्या शॉकअपची दांडी मी हातानं दाबून बघितली. अर्ध्या वाटेपर्यंत ती जोर न लावताच आत गेली. नव्याला शेवटपर्यंत सारखा जोर लागला आणि हात सोडल्यावर दांडी सावकाश आपली आपण वर आली. पैसे कुठं गेले ते त्या एका क्षणात हाताला कळलं.

हिशोब असा: शॉकअप १४,०००, वरचे माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीची रबरं ४,०००, बुश आणि लिंक रॉड ३,५००, मजुरी २,५००, चाकांची अलाइनमेंट ६००. एकूण २४,६००. माउंट आणि बेअरिंगमध्ये काटकसर करू नका. पुढचं सगळं खोललेलंच असतं, नंतर करायला गेलात तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते.

मिस्त्रींची एक गोष्ट मला फार आवडली. लोअर आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी वर असताना नुसते अडकवले आणि चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर शेवटचे आवळले. हवेत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. तुमचा मिस्त्री हे करतो का, तेवढं उभं राहून बघाच.

रुंद टायर टाकायचा सल्लाही मिळाला. नाही टाकले. आमच्या १६५/८० आर १४ मापाच्या टायरची उंच भिंत खड्डे बऱ्यापैकी पचवते. आणि कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर बदल करायचा म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतंच. टायरमधली हवा मात्र आता कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवतो. आधी पंपावर सांगतील तेवढी भरत होतो.

पहिले काही दिवस गाडी थोडी कडक वाटली. मागच्या रविवारी मामाकडे जाऊन आलो. गगनबावडा आलं तसा मी वेग कमी केला, तर मागून आई म्हणाली, "थांबतोस कशाला? चल की, तिथंच जाऊन चहा घेऊ."