काडाराशच्या खड्ड्यात डोकावताना

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सहून सकाळी निघालो तेव्हा मिस्त्राल सुटला होता. उत्तरेकडून येणारा इथला कोरडा, बोचरा वारा. आकाश मात्र धुतल्यासारखं निळंशार. सप्टेंबर २०२३ची गोष्ट. ड्युराँस नदीच्या खोऱ्यातून गाडी चालली होती आणि माझं लक्ष द्राक्षमळ्यांपेक्षा रस्त्याकडेच. बेरच्या खाऱ्या सरोवरापासून काडाराशच्या इटर प्रकल्पापर्यंत १०४ किलोमीटरची खास वाट आहे. अणूंच्या संलयनातून ऊर्जा मिळवून पाहण्यासाठी अनेक देश मिळून इथे एक प्रचंड यंत्र उभारताहेत. अवजड भाग रात्री न्यायचे म्हणून तिच्यावरचे पूल मजबूत केले, चौक बदलले. गुजरातेत हजिऱ्यात बनलेल्या आपल्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे यंत्राभोवतीच्या निर्वात डब्याचे, तुकडेही याच वाटेने आले. एकूण ५४.

माझी सगळी नोकरी निर्वात यंत्रणांत गेली. गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' टोकामॅक सुरू झाला. टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा, अर्थात अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकांनी कोंडून धरणारं यंत्र. मी रुजू झालो तेव्हा एका शॉटमधला, म्हणजे एका खेपेचा, प्लाझ्मा सेकंदाच्या दहाव्या भागाइतका टिकायचा, आणि त्यासाठी आम्ही रात्र रात्र लीक शोधायचो. वेल्डवरून हेलियमची बारीक धार फिरवायची, नजर आत शिरलेलं हेलियम टिपणाऱ्या डिटेक्टरवर. काटा हलला की खडूने खूण. केसाहून बारीक फटही चालत नाही. हवा शिरली की प्लाझ्मा विझलाच.

इथला क्रायोस्टॅट म्हणजे सगळ्या यंत्राला कवेत घेणारा २९ मीटर उंचीचा पोलादी डबा. आत निर्वात, म्हणून उणे २६९ अंशांवरच्या चुंबकांना बाहेरची उष्णता लागत नाही. आणि त्यांच्यापासून काही मीटरवर १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा पेटवायचा आहे.

वरच्या सज्जातून खाली पाहिलं. यंत्र जोडायचा खड्डा जवळजवळ रिकामा. मे २०२० मध्ये उतरवलेला क्रायोस्टॅटचा १,२५० टनांचा तळ, त्यावरचा खालचा सिलिंडर आणि तळाशी ठेवलेले काही चुंबक, बस. मे २०२२ मध्ये निर्वात पात्राचा, म्हणजे ज्यात प्लाझ्मा पेटायचा त्या पोकळीचा, पहिला सेक्टर आत बसवला होता, तो जुलै २०२३ मध्ये पुन्हा उचलून बाहेर काढला. सेक्टरच्या कडांच्या मापात फरक होता, आणि चुंबकांपर्यंत उष्णता पोचू न देणाऱ्या थर्मल शील्डच्या नळ्यांना क्लोरीनच्या अंशामुळे तडे गेले होते. त्यांचा सुगावा लागला तो हेलियम चाचणीतच.

अनेकांना ही नामुष्की वाटते. मला मुळीच नाही. ड्युटेरियम-ट्रिटियमचे, म्हणजे हायड्रोजनच्या जड रूपांचे, शॉट सुरू झाले की न्यूट्रॉनांच्या माऱ्याने आतला भाग किरणोत्सारी होईल. मग माणूस तिथे शिरू शकणार नाही. उचलायचं ते आत्ताच उचलायला हवं, कितीही वर्षं लागोत.

सोबत कोल्हापूरची एक तरुण इंजिनिअर होती, तिथेच काम करणारी. तिने विचारलं, "काका, तुम्ही हेलियम कसं फवारायचात?"

मी कठड्याशीच हाताने दाखवलं. नळी अशी धरायची, सुरुवात वरून. हेलियम हलकं, खालून फवारलं तर वर चढतं आणि गळती भलत्याच जोडावर दिसते.

"आम्हीही वरूनच सुरुवात करतो," ती म्हणाली.