थंडी न कळणारा दात

आठ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला होता. वरचा पुढचा दात किंचित हलत होता, हिरडीतून थोडं रक्त येऊन गेलं होतं. आधी दाखवलं तिथे ‘नस मेलीय, रूट कॅनाल करा’ असं सांगितल्यामुळे आई धास्तावून त्याला आमच्या विभागात घेऊन आली. मी कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो दाताला टेकवला. शेजारच्या दाताला लावताच हात वर करणारा मुलगा इथे मात्र स्वस्थ बसून राहिला. दाताच्या आतल्या मऊ, नसा-रक्तवाहिन्यांच्या गाभ्याला पल्प म्हणतात. त्याची जाणीव सौम्य विजेने तपासणाऱ्या इलेक्ट्रिक पल्प टेस्टरलाही प्रतिसाद शून्य.

पण या दोन्ही चाचण्यांत कळते ती मज्जातंतूंची जाणीव. आत रक्त फिरतंय का, ते त्यांतून कळत नाही. मार बसल्यावर तंतू तीन-तीन महिने बधिर राहू शकतात, आणि पल्प मात्र जिवंत असतो. त्यात या वयात मुळाचं टोक उघडं असतं, त्यामुळे दात सावरण्याची आशा मोठी. घाईने पल्प काढला तर मुळाच्या भिंती पातळच राहतात आणि दात कायमचा नाजूक होतो. अशी घाई पाहिली की मला खरंच वाईट वाटतं.

विभागात संशोधनासाठी थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमान रंगांत दाखवणारा कॅमेरा, होता. आईची परवानगी घेतली. श्वासाची ऊब दातावर आली की मोजमाप बिघडतं, म्हणून रबर डॅम, म्हणजे दात तेवढे बाहेर ठेवणारा रबराचा पातळ पडदा, लावला. दोन्ही दातांवर सारखाच गार हवेचा झोत सोडला, बंद केला आणि पडद्याकडे बघत राहिलो. दोन्ही दात निळे झालेले. मग हिरडीच्या कडेकडून रंग चढू लागला. मेलेला दातही तापतोच, आजूबाजूचं हाड आणि हिरडी त्याला ऊब देतात. आत रक्त फिरत असेल तर फरक पडतो तो तापण्याच्या वेगात, आणि तोही अगदी सूक्ष्म. मार बसलेला दात जोडीदाराच्या जरासा मागे होता, पण दोघांचे आलेख जवळजवळ बरोबरीने चढत होते.

नुसत्या या चित्रावर निदान करावं इतकी ही पद्धत अजून पक्की नाही, हे आईला स्पष्ट सांगितलं. पण दाताचा रंग बदलला नव्हता, सूज नव्हती, एक्स-रेतही काही वावगं नव्हतं. सगळं मिळून मी थांबायचं ठरवलं.

“आणि आत पू झाला तर?” तिने विचारलं.

दात करडा पडला, हिरडीवर पुटकुळी आली किंवा चावताना दुखलं तर लगेच या, असं लिहूनच दिलं.

पुढच्या एका तपासणीला बोळा टेकवल्यावर त्याने हात वर केला. जरा उशिरा, पण केला. नंतरच्या एक्स-रेत मूळ लांबलेलं आणि टोक अरुंद होत आलेलं दिसलं. रूट कॅनालचा विषय तिथेच संपला.