तुम्ही विचारलंत म्हणून: सध्या कोणती बाजू लावली आहे?

“ताई, सध्या काय लावलंय?” हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारे बहुधा आमच्याच मंडळींपैकी असतात, म्हणजे नागपुरात जॅझच्या तबकड्या जमवणारे आणि रविवारी धरमपेठेतल्या माझ्या घरी त्या घेऊन येणारे पाच-सहा जण. कधी मात्र एखादे नवखे माणूस विचारते आणि माझ्या उत्तराने बुचकळ्यात पडते, कारण मी तबकडीचे नाव सांगून थांबत नाही. “माइल्स डेव्हिस, दुसरी बाजू,” असे मी सांगते. बाजू सांगायची काय गरज, असे तुम्ही विचारलेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी कोलंबिया कंपनीने १९४८ साली आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे वादन मावत असे, आणि आपल्याकडच्या बुजुर्ग गायकांनीही तेवढ्यात अख्खा राग उभा करून दाखवला आहे. नव्या तबकडीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली. जॅझवादकाला सावकाश मांडणी करायला, सोबतच्या वादकाला पुरेशी जागा द्यायला एवढा वेळ हवाच होता. मग कोणती रचना आधी घ्यायची आणि बाजू कोणत्या सुरावर संपवायची, याचा वेगळा विचार होऊ लागला. तो विचार कानांनी समजून घ्यायचा असेल, तर सुई एकदा टेकवली की बाजू संपेपर्यंत जागचे हलू नये, असे माझे ठाम मत आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याने या मताला बळकटीच दिली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि कूलरशिवाय बसणे अशक्य होते. पण कूलरच्या घरघरीत सर्वांत आधी बुडतो तो बास, म्हणजे खर्जात बोलणारे मोठे तंतुवाद्य. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू पियानो आणि बास यांच्या अगदी हलक्या संवादाने सुरू होते. बिल इव्हान्स आणि पॉल चेंबर्स जणू शेजारच्या खोलीतली झोप मोडू नये म्हणून जपून बोलत असावेत, असे ते सूर आहेत आणि कूलर चालू असताना ते ऐकूच येत नाहीत. म्हणून आम्ही खोली आधी चांगली गार करून घेतो, कूलर बंद करतो आणि मग सुई टेकवतो. पहिली पाच-सात मिनिटे वाळ्याचा ओलसर वास आणि गारवा टिकतो, दहाव्या मिनिटाला कपाळावर घाम येतो आणि बाजू संपेपर्यंत सदरे पाठीला चिकटतात. एका बाजूइतकाच वेळ आमची खोली दम धरू शकते. तेवढ्या वेळात कोणी बोलत नाही आणि कोणी मोबाइलही हातात घेत नाही.

याच तबकडीने बाजूंमधला फरक आम्हाला एकदा फार चांगला शिकवला. आमच्यातले एक काका पेटी वाजवतात आणि ऐकलेली चाल लगेच पेटीवर शोधतात. पहिल्या बाजूला त्यांची पेटी काही केल्या जुळेना. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडत होते. दुसऱ्या बाजूला मात्र तीच पेटी बिनचूक जुळली. माझ्या रेकॉर्ड प्लेयरची गती बिघडली असावी, असे आम्हाला वाटले. परंतु फिरत्या चकतीच्या कडेचे ठिपके दिव्याच्या उजेडात स्थिर दिसत होते, म्हणजे गती बरोबर होती. कारण नंतर वाचनात आले. पहिल्या बाजूचे तिन्ही भाग २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमधल्या, एकेकाळी चर्च असलेल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले, आणि त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होते. अशी टेप नेहमीच्या गतीने वाजवली की वादन थोडे जलद आणि चढ्या सुरात ऐकू येते. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिच्यात हा दोष नाही. सोबतच्या दुसऱ्या यंत्रावरील टेप वापरून १९९२ साली ही चूक दुरुस्त झाली, पण माझी प्रत जुन्या टेपवरून काढलेली आहे. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पेटी मिटली आणि “म्हणजे माझा कान शाबूत आहे,” असे अतिशय समाधानाने म्हणाले.

गेला महिनाभर पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या ‘टाइम आउट’ची पहिली बाजू आमच्याकडे फिरते आहे. ब्रुबेक १९५८ साली अमेरिकी सरकारच्या वतीने दौऱ्यावर निघाले होते. तुर्कस्तानात त्यांनी रस्त्यावरच्या वादकांकडून नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला, आणि पुढे त्याच दौऱ्यात ते भारतातही आले. या बाजूची सुरुवात त्या नऊ मात्रांनी होते: दोन, दोन, दोन, तीन. आमच्यातले तबल्याचे शिक्षक मांडीवर टाळी देत ते विभाग मोजू लागले आणि दुसऱ्याच आवर्तनात पक्के झाले. बाजूच्या शेवटी ब्रुबेक यांचे सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची पाच मात्रांची प्रसिद्ध रचना येते. तिचे विभाग तीन आणि दोन आहेत, तर आपल्या दहा मात्रांच्या झपतालाच्या अर्ध्यात दोन आणि तीन. एवढ्या फरकाने चाल किती वेगळी पडते, हे ते अर्धा तास समजावून सांगत होते. ही रचना तबकडीच्या मध्याजवळ आहे, याचीही मला काळजी असते. एका फेऱ्याला सगळीकडे १.८ सेकंदच लागतात, पण आतल्या फेऱ्यात सुई बाहेरच्या फेऱ्याच्या निम्म्याहून कमी अंतर कापते, तेवढ्याच जागेत सगळा ध्वनी दाटीने कोरलेला असतो आणि सुई थोडी जरी मळलेली असली तरी जो मोरेलो यांचे ड्रम चिरकतात. म्हणून ही बाजू लावण्याआधी मी सुई मऊ ब्रशने न चुकता साफ करते.

सदरला राहणारे एक गृहस्थ सध्या ड्यूक एलिंग्टन यांच्या १९६७ च्या ‘फार ईस्ट सूट’ची पहिली बाजू ऐकत आहेत. एलिंग्टन यांचे सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न यांनी दिल्लीच्या मुक्कामात ऐकलेल्या मैनेची शीळ तीत क्लॅरिनेटवर येते. ती प्रत मीच त्यांना दिली, कारण त्यांची स्वतःची तबकडी सीताबर्डीच्या बाजारात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तासाभरात वाकली. सुई तिच्यावर वरखाली होताना पाहून मला आजही वाईट वाटते.

आणि मी? या आठवड्यात मी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ची दुसरी बाजू ऐकते आहे. ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झालेली ही तबकडी दोन्ही बाजू मिळून अवघी ३३ मिनिटांची आहे. दुसरी बाजू एल्विन जोन्स यांच्या एकट्या ड्रमने सुरू होते, पुढे जिमी गॅरिसन यांचा बास एकटा उरतो आणि त्यातून शेवटचा भाग उगवतो. कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली ईश्वरस्तुती वेष्टनाच्या आतल्या बाजूला छापलेली आहे, आणि या भागात ते शब्द ओठांनी न उच्चारता, शब्दागणिक सॅक्सोफोनवर म्हणतात.

हे मी परवा अजनीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीला सांगितले. तिने वेष्टन मांडीवर उघडले आणि माझी आजी पोथी वाचताना ओवीखाली बोट धरत असे, तसे ओळीखाली बोट धरले. सॅक्सोफोन पुढे सरकला तसे बोट पुढे सरकत गेले. सूर एका शब्दावर थांबला की बोटही थांबायचे. एका ठिकाणी ओळ चुकली आणि बाजू संपेपर्यंत ती तिला सापडली नाही. सुई उचलून मी कूलरच्या बटणाकडे निघाले होते, तिच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

“काकू, परत लावू या?”

बाजू मधूनच लावायची नाही, हा आमचा शिरस्ता तिला माहीत होता. मी कूलर बंदच ठेवला आणि सुई पुन्हा पहिल्या खाचेवर, एल्विन जोन्स यांच्या ड्रमवर, टेकवली.