भागी कोणाच्या नावावर?

बडोद्यात रेसिडेंटांच्या, म्हणजे संस्थानात नेमलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रतिनिधींच्या, काळाचा विषय निघाला की कुणी ना कुणी विचारतंच, ‘कंपनीच्या साहेबांना खासगी धंद्याला बंदी होती ना? मग ते गब्बर कसे झाले?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

बंदी होती. 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टने गव्हर्नर-जनरलला नजराणे आणि व्यापार दोन्ही मना केले, वसुली करणाऱ्यांनाही व्यापार मना केला. पण तुटपुंज्या पगारावर बंदी टिकेना, तेव्हा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने कलेक्टरला दरमहा 1500 रुपये आणि वसुलीवर सुमारे एक टक्का दिला.

मग पैसा व्यापारातून सावकारीत गेला. 1797 च्या कायद्याने परवानगीशिवाय संस्थानिकांना कर्ज देणं बंद केलं. हैदराबादच्या पामर पेढीला मात्र 1816 मध्ये सूट मिळाली. पेढीतला रम्बोल्ड हा तेव्हाचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या पालित मुलीचा नवरा. रेसिडेंट रसेलचीही त्यात छुपी भागी होती, असं इतिहासकार मानतात. कर्ज मंजूर करणारा आणि व्याज खाणारा एकाच पंगतीला! मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला, तेव्हा हे चव्हाट्यावर आलं.

बडोद्याचं दुखणं जरा वेगळं. इथे सावकार गायकवाडांना कर्ज देत आणि कंपनी त्याला हमी देई. हमी असली की सावकाराची तक्रार थेट रेसिडेन्सीत, म्हणून तिथला कारकूनसुद्धा हाताशी धरण्याजोगा. मुंबईपर्यंत वशिला पोचवण्याच्या या उद्योगाला ‘खटपट’च म्हणत, आपला हा साधा शब्द इंग्रजी दफ्तरात तसाच गेला. 1851 मध्ये बडोद्याचा रेसिडेंट औट्रम याने त्यावर अहवाल दिला आणि मुंबई सरकारने त्यालाच हलवलं. 1854 मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने त्याला परत पाठवलं.

1860 च्या भारतीय दंडसंहितेत यातलं बरंच उतरलं. कलम 168 नीट वाचा: ते स्वतः व्यापाराला बंदी घालत नाही, बंदी दुसऱ्या नियमात असली तरच लागू होतं. 169 खरं धारदार. जी मालमत्ता घ्यायला अधिकाऱ्याला मनाई आहे, ती ‘स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावावर, एकत्र किंवा भागीत’ घेतली तरी दोन वर्षांपर्यंत साधी कैद, शिवाय मालमत्ता जप्त. आता ही कलमं भारतीय न्याय संहितेत 202 आणि 203 आहेत.

केंद्र सरकारी नोकरांसाठीच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम 16 आणखी पुढे जातो. शेअरची सट्टेबाजी नाही, वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच. कामावर परिणाम होईल अशी गुंतवणूक घरच्यांनाही करू द्यायची नाही, आणि आपल्या अधिकारक्षेत्रातल्या माणसाला कर्ज द्यायचं नाही. हे शेवटचं वाचताना पामर पेढी आठवतेच.