रूळ

रविवारी दुपारी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मीटिंग बसली. विषय एकच, तिसऱ्या मजल्यावरची ओली धुणी. ती ठिबकतात, आणि ठिबकतात ती नेमकी दुसऱ्या मजल्यावरच्या सांडग्यांवर.

"मी काय मुद्दाम घालतो का हो तसं? दोरीच तितकी पुढं हाय," तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. (आमच्याकडं कोल्हापुरात बायका 'मी घालतो', 'मी येतो' असंच म्हणतात. पुस्तकातलं व्याकरण पुण्याहून निघतं खरं, पण बहुतेक कऱ्हाडलाच उतरत असावं.)

"आणि आमची सांडग्याची जागा तीस वर्षांची हाय. वहिवाट म्हणतात तिला," दुसऱ्या मजल्यावरून उत्तर.

सेक्रेटरींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून बायलॉजचं पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि जाहीर केलं, "ह्यात धुणं नाही."

"मग रूल करा."

"रूल करायचा अधिकार आपल्याला कुठाय? रेग्युलेशन करू."

"काय पण करा, पण लॉमध्ये बसवा."

धुणं तिथंच राहिलं आणि मी ह्या चार शब्दांत अडकलो. ही माझी जुनी खोड. कुणी एका श्वासात 'रूल्स अँड रेग्युलेशन्स' म्हणालं की मला दातात पेरूची बी अडकल्यासारखं होतं. ती दोन आहेत ना? मग दोन असल्यासारखी वागवा की.

आमच्या सोसायटीपुरतं बघितलं तरी केवढी उतरंड आहे. सगळ्यात वर 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, तो ॲक्ट, विधिमंडळानं केलेला. त्याच्या पोटातून निघाले 1961 चे नियम, ते रूल्स, सरकारचे. त्याखाली बायलॉज, सरकारी मराठीत उपविधी, ते सोसायटीनं स्वीकारून निबंधकाकडं नोंदवायचे. रेग्युलेशन म्हणजे विनियम, ते शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीसारखी मंडळी काढतात. ओल्या धुण्यावर विनियम काढायला सेबी काही आमच्या पार्किंगमध्ये येणार नाही. आणि वहिवाटीला हसू नये. घटनेच्या 13 व्या अनुच्छेदात कायदा म्हणजे काय हे सांगताना अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना ह्यांच्या पंगतीत शेवटच्या पाटावर रूढी आणि परिपाठही बसवलेत, कायद्याइतकं बळ असलेले. सांडग्यांना तेवढं बळ आहे का, हे उच्च न्यायालय ठरवील. ते आता जवळच आलंय. ऑगस्ट 2025 मध्ये इथं त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं पीठ, सुरू झालं तेव्हा चहाच्या गाड्यावर मी ऐकलेला पहिला प्रश्न हाच होता, "सर्किट झालं, पण खंडपीठ कधी?" शब्दाच्या छटेवरून हटून बसणं आमच्या गावाला कुणी शिकवायला नको.

बायलॉमधला 'बाय' म्हणजे बाजूचा, किरकोळ, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तो निघाला जुन्या नॉर्स भाषेतला, गाव ह्या अर्थाचा. डर्बी, व्हिटबी ह्या इंग्लंडातल्या गावांच्या शेपटाला तोच चिकटलाय. म्हणजे बायलॉज म्हणजे सरळ आपली गावकी. 'लॉ'सुद्धा नॉर्स लोकांच्याच बोटीतून इंग्लंडात उतरला. त्याचा अर्थ खाली मांडलेलं, घातलेलं. आपण 'घालून दिलेलं' म्हणतो तसं.

मराठीनं मात्र ह्या मंडळींची वाटणी आपल्या मनानं केली. न्यूटनचा लॉ आपण नियमाच्या घरात दिला. गुरुत्वाकर्षणाचा कायदा म्हटलं असतं तर सफरचंदाला वकील द्यावा लागला असता. मी रोज नियमाने रंकाळ्यावर जातो, पण कायद्याने जातो म्हटलं की मागं पोलीस दिसायला लागतो. भांडणात 'मला कायदा शिकवू नकोस' म्हणतात. नियम शिकवू नकोस असं कुणी म्हणत नाही, कारण तो कुणी शिकत नाही. आणि सगळ्यांच्या वरताण आपलं 'नियमबियम'. ॲक्ट रद्द करायला विधिमंडळ लागतं, नियमाला नुसतं 'बियम' लावलं तरी त्याचा जीव जातो.

ऑर्डिनन्सला हल्ली अध्यादेश म्हणतात, पण माझ्या लहानपणी पेपरात वटहुकूम असायचा. मला वाटायचं, तो वडाखाली बसून काढतात. पुढं पेठेत 'काय वट हाय त्याची!' ऐकलं आणि वाटलं, ज्याची वट त्याचा हुकूम. दोन्ही अंदाज माझेच, कोशात बघायचं धाडस केलेलं नाही. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसलं की राज्यपाल तो काढतात, आणि अधिवेशन भरल्यावर 6 आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो आपोआप मरतो. आमच्या घरी हे खातं आज्जीकडं होतं. आबा गुळाच्या सौद्याला मार्केट यार्डात गेले की ती भराभर हुकूम काढायची. आज अभ्यास नाही. आज सगळे माडीवर झोपणार. उसाचा रस आणायला दोघांनी जावा. संध्याकाळी आबांची सायकल दारात टेकली की अधिवेशन सुरू, आणि बहुतेक हुकूम 6 मिनिटंही टिकायचे नाहीत. एकच टिकला. पानावर बसलेल्या पोराला कुणी बोलायचं नाही. तो आबांनाही लागू होता आणि त्यांनी तो शेवटपर्यंत पाळला.

इकडं मीटिंगमध्ये दोरी हातभर आत घ्यायचं ठरलं. कुठल्या कलमाखाली, ते कुणी विचारलं नाही. सेक्रेटरींनी मिनिट बुक उघडलं आणि म्हणाले, "समास मारायला पट्टी हाय का कुणाकडं?"

पट्टी. आमच्या वेळी रूळ होता. लाकडी, गोल, हातभर लांब, हाताळून काळा पडलेला. गुरुजी त्यानं हजेरीपटावर रेघा आखायचे. नावही त्या कामाचंच, इंग्रजी रूलचं मराठी झालेलं. आखून झालं की उरलेला दिवस तो आमच्या तळहातांचा. पुढं कधीतरी वाचलं की लॅटिनमध्ये रेग्युला म्हणजे सरळ पट्टी, आणि रूल काय, रेग्युलेशन काय, दोन्ही तिचीच पोरं. कानून अरबीतून आला, अरबीत ग्रीकमधून, आणि ग्रीक कॅनन म्हणजे मापायची सरळ काठी. आपला दंड तर काठीही आणि शिक्षाही, लपवाछपवीच नाही. कायदा तेवढा वेगळा. अरबीत त्याचा अर्थ पाया, बैठक. तो आणि तो नॉर्स लॉ जमिनीवर बसलेले, बाकी सगळे हातात उगारलेले.

आमच्या वर्गात म्हशीवाल्याचा एक पोरगा होता. पहाटे बापाबरोबर गंगावेशीत दूध काढून शाळेला यायचा. अंगाला म्हशीचा वास यायचा म्हणून त्याच्या शेजारी कुणी बसत नसे, मीही नाही. त्याच्याकडं पट्टी नव्हती. समास हातानं ओढायचा, तो वाकडा यायचा. वाकड्या समासाला दोन रूळ. मी दप्तरातली माझी पट्टी त्याला कधी दिली नाही. मागितलीही नव्हती त्यानं.

चौथीत असताना एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये ह्याच करवीरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना 1 रुपया दंड होता. म्हणजे पोरगं दिसलं नाही तर कुणीतरी विचारत दारात यायचं, निदान रुपया मागायला तरी. आमच्या वेळी कुणी गेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी पट उघडला, त्याच्या नावावर रूळ ठेवला आणि लाल शाईनं रेघ मारली. मी पहिल्या बाकावर होतो. रेघ अगदी सरळ आली होती.