पापडखार

नोव्हेंबरात क्योतोची मेपलची पानं लाल होतात आणि आम्हा गाईड लोकांच्या जेवणाच्या वेळा गायब होतात. मी मूळची पुण्याची. जपानी तिथेच शिकले, आता इथे लोकांना रामेन, म्हणजे रश्शातल्या शेवया, खाऊ घालत फिरवते. त्या शनिवारी सहा जणांचा मराठी गट होता. बुकिंगमध्ये पाच नावांपुढे ‘सगळं चालतं’ आणि एका नावापुढे ‘माळकरी’. सांगलीकडच्या काकू, लेक-जावयाबरोबर आलेल्या.

रामेनची नुसती चव घेणं इथल्या दुकानदारांना पटत नाही. माणशी एक वाडगा, खा आणि खुर्ची मोकळी करा. म्हणून अर्ध्या वाडग्यांचं मी आधीच ठरवून ठेवते, तेही दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात.

सुरुवात मात्र स्टेशनाजवळच्या शिनपुकु साइकानने, रांगेत उभं राहून. 1938 साली एका चिनी माणसाच्या हातगाडीवर सुरू झालेलं हे दुकान. रस्सा सोया सॉसने काळाकुट्ट. क्योतो म्हणजे देवळं, तोफू, हलकंफुलकं सात्त्विक खाणं अशी समजूत करून आलेल्यांचे चेहरे तो वाडगा समोर आला की बघण्यासारखे होतात. आणि हा तर पातळ! तेन्का इप्पिन या इथल्याच दुसऱ्या दुकानाचा कोंबडीचा रस्सा पिठल्याइतका दाट असतो. तीही 1971 मधली हातगाडीच. विद्यार्थ्यांचं गाव आहे हे, त्यांना पोटाला धरणारं लागतं.

काकू बाहेर बसून राहिल्या. मी त्यांना सांगितलं, इथेही 675 साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला बंदी घातली होती आणि 1872 मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्यावर सगळं उघड सुरू झालं. काकू म्हणाल्या, “म्हणजे चांगलं चाललं होतं की. बिघडवलं कुणी?”

त्यांच्यासाठी इचिजोजी भागातलं एक छोटं दुकान हेरून ठेवलं होतं. कोम्बू, म्हणजे समुद्री शेवाळ, आणि शिताके अळंबीचा रस्सा, देवळातल्या भिक्षूंच्या स्वयंपाकासारखा. बसमध्ये मी भरपूर गुणगान केलं: याच कोम्बूच्या पाण्यातून इकेदा किकुनाए या क्योतोत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये उमामीचं, म्हणजे पाचव्या चवीचं, मूळ शोधलं, वगैरे. पोहोचलो तर दारावर पाटी. रस्सा संपला, आजचं दुकान बंद. इथे असंच असतं, पातेलं संपलं की दिवस संपला. सकाळी फोन करून एक वाडगा राखून ठेवायला सांगायचा, एवढं साधं काम मी केलं नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आणली, तर वेष्टनावर माशाचा अर्क. काकूंनी पिशवीतून दशमी काढली आणि वर मलाच अर्धी दिली. लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते राहू दे.

तिसरं दुकान ठरलेलं होतं. अडीच वाजता ताइशोंनी आमच्यासाठी शटर अर्धं वर केलं. ताइशो म्हणजे दुकानाचे मालक आणि आचारी. साठीचे, डोक्याला पंचा, बोलणं मोजकं. पाच अर्धे वाडगे आले आणि पाच फोन बाहेर निघाले. ताइशो करवादले, “फोटो नंतर. शेवया मऊ पडतील.” दिवसभर मी हेच सांगत होते, पण त्यांचं लगेच ऐकलं.

काकू काउंटरच्या टोकाला, रिकाम्या जागेसमोर. त्यांचं लक्ष शेवयांच्या लाकडी खोक्याकडे होतं. “अगं, गव्हाच्याच ना या? मग पिवळ्या कशाने? हळद?” मी ताइशोंना विचारलं. ताइशोंनी खोकं पुढे सरकवलं. काकूंनी पीठ झटकून एक कच्ची शेवई उचलली, नाकाशी नेली, दातांनी तोडली.

“खार आहे यात. पापडखार.”

मी कान्सुइ हा शब्द शेकडो वेळा भाषांतरित केलाय. अल्कधर्मी पाणी, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट, त्याने पीठ ताठ होतं आणि पिवळेपणा येतो, असं पाठ केलेलं. पापडखार हा शब्द मला सुचला नव्हता. काकूंनी तीस वर्षं बचतगटात उडदाचे पापड लाटले होते.

ताइशोंना सांगितलं तर ते हातातला झारा ठेवून बाहेरच आले. कुठल्या पिठात? किती घालता? काकू म्हणाल्या, मापाने नाही, जिभेने. जास्त झाला तर पापड लाल पडतो आणि साबणासारखा लागतो. “साबण!” ताइशो हसले. त्यांच्या पहिल्या वर्षीच्या शेवया गिऱ्हाइकाने याच शब्दात परत केल्या होत्या म्हणे.

मग त्यांनी आपणहून नवं पातेलं काढलं. रश्शाला हात न लावता, साध्या पाण्यात शेवया उकडल्या, निथळल्या, त्यावर बाटलीतला सोया सॉस, तिळाचं तेल आणि कुजो नेगी, म्हणजे इथली कांद्याची पात. शेवयांत अंडं नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं. “पात चालेल, चातुर्मास संपलाय,” असं म्हणून काकूंनी वाडगा रिकामा केला. शेवटी काड्या सोडून हाताने.

निघताना त्यांनी पिशवीतून पापड काढले. बाहेरचं खाणं दुकानात! मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते, पण त्या गॅसपाशी पोहोचल्यासुद्धा. लांब काडीने पापड फिरवत भाजला, बुडबुडे आले, मिऱ्याचा वास सुटला. ताइशोंनी तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडासमोर धरला आणि खिशातून फोन काढला.

“अहो, फोटो नंतर!” काकू म्हणाल्या. “मऊ पडेल.”

मला नवं भाषांतर करावं लागलं नाही. त्यांचंच मघाचं वाक्य त्यांना परत केलं.