तुम्ही विचारलंत म्हणून: ज्वालामुखीचं तोंड कुठाय?

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ओटा, दोन बाकडी नि पाण्याची टाकी बसवून आम्ही दोघं दर हिवाळ्यात कोकणात उतरतो. गाडी उभी राहिली की चार माणसं जमतात. त्यातला एखादा विचारतोच, ‘सह्याद्री ज्वालामुखीतून झाला ना? मग त्याचं तोंड कुठाय? तिथवर गाडी जाते?’

तोंड नाहीच हो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा दुधासारखा उतू गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. म्हणून शंकू शोधू नका, पायऱ्या शोधा. पाचाडला गाडी लावायची, ओट्यावर चहा टाकायचा आणि उन्हं कलताना रायगडाकडे बघत बसायचं. कडा, मग गवताची उतरण, पुन्हा कडा. कडा म्हणजे टणक थर, उतरण म्हणजे ठिसूळ. लाव्हाच्या या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरूनच आलाय. गुडघे साथ देत असतील तर सकाळी रोपवे सोडून चढा. काळ्या कातळात वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. ते लाव्हातले वायूचे बुडबुडे. पुढे पाझरणाऱ्या पाण्यातल्या खनिजांनी भरले. बायको त्यांना खडीसाखर म्हणते.

भेगाच बघायच्या असतील तर मुरूड-जंजिऱ्याकडे ओहोटीला जा. भेगेतच गोठलेला लाव्हा काही ठिकाणी खडकातून सरळ पट्ट्यासारखा समुद्रात शिरलेला दिसतो. शेजारीच कुणीतरी मासळी वाळत घातलेली असते.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मला सगळ्यात आवडते. देवळामागच्या पायऱ्या उतरलं की एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला लाटा. कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. ती मात्र ज्वालामुखीची नव्हेत, खाऱ्या पाण्याची करणी: मीठ सुकताना दगडाचा कण कण सोडवतं. भरतीला तिकडे फिरकायचं नाही. गावकरी ओरडतात ते उगाच नाही, माणसं वाहून गेलीत.

उन्हवरे, तुरळ, राजवाडीची गरम पाण्याची कुंडं दाखवून ‘हा बघा जिवंत ज्वालामुखी’ सांगणारे भेटतील. हसून मान डोलवा. पावसाचं पाणी फटींतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं, इतकंच. चढाईनंतर पाय सोडून बसायला मात्र झकास.

गाडीचं म्हणाल तर घाटापेक्षा गावातल्या वाटा अवघड. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या. (जांभा म्हणजे तरी काय, उन्हापावसात कुजलेला तोच काळा दगड.) एका फांदीने आमच्या टपाची खिडकी उचकटून नेली. तेव्हापासून मी आधी चालत जाऊन बघून येतो. बागमांडल्याहून वेश्वीला जंगलजेटीतून, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीतून, जाताना भरतीची वेळ साधा. ओहोटीला धक्क्याचा उतार खडा होतो आणि लांब गाडीची शेपटी घासते. आमच्या मागच्या बंपरवर तो ओरखडा अजून आहे. विचारणाऱ्यांना तोही दाखवतो.